वाचकांचे प्रश्न : आजीचं आयुष्य कागदावर उतरवताना

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं आहेत. रोज मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणारी, नव्वदी ओलांडलेली कॅथॉलिक आजी गेली; आता कोणी स्मरणिका काढतंय, कोणाला मिस्सात बोलायचंय, कोणाच्या हातात तिची जीर्ण प्रार्थनापुस्तिका आलीय. त्यांतली सात पत्रं निवडली आहेत. माहिती चर्चच्या सार्वत्रिक नियमांना धरून दिली आहे. स्थानिक बारकावे तुमच्या धर्मगुरूंना विचारावेत.

प्रश्न : आजी गेली तेव्हा आम्ही वय ९३ छापलं. आता काका ९१ म्हणतात, आत्या ९५. जन्मदाखला नाही. खरी तारीख कुठे मिळेल?

उत्तर : बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, आणि तीही ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बाप्तिस्मा झाला तिथल्या. आजी शेवटची चाळीस-पन्नास वर्षं ज्या चर्चला गेल्या तिथे त्यांच्या मृत्यूची नोंद सापडेल, जन्माची नाही. पुष्कळांची पहिली फेरी इथेच फुकट जाते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारे धर्मगुरू, बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण आणि शिवाय जन्माची तारीख व ठिकाण असं सगळं असावं लागतं. दोन तारखा शेजारी-शेजारी असल्यामुळे घोटाळा ठरलेला. बाळाला शक्य तितक्या लवकर बाप्तिस्मा द्यावा असा दंडक असल्याने जुन्या नोंदींत दोन्ही तारखांमधलं अंतर बहुधा थोड्याच दिवसांचं असतं. म्हणूनच बाप्तिस्म्याची तारीख वाढदिवस म्हणून खपून जाते. कोणती तारीख कशाची, हे उतारा हातात आल्याबरोबर बघा.

पत्रात तीन गोष्टी लिहा: बाप्तिस्म्याचं नाव (घरात हाक मारायचं नव्हे), वडिलांचं नाव, आणि अंदाजी सालाच्या मागची-पुढची तीन-तीन वर्षं. या वहीतल्या नोंदी तारखेच्या ओळीने होतात, नावांच्या नव्हे. सालच माहीत नसेल तर शोधणाऱ्याने सुरुवात कुठून करायची? आणखी एक, पत्रात 'समासातल्या शेऱ्यांसह पूर्ण उतारा' असं स्पष्ट मागा. नुसता दाखला मागितलात तर नुसत्या बाप्तिस्म्याचा मिळेल. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि लग्न यांची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच करायची असते. त्यातही लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवण्याची सक्ती १९०८ पासून सर्वत्र आली. म्हणजे तुमच्या आजींचं लग्न कधी आणि कुठे झालं हे त्या एका समासात मिळू शकतं. शेरा नसला म्हणून लग्न चर्चमध्ये झालं नाही असं मात्र धरू नका; त्या चर्चने कळवायचं राहून गेलेलं असू शकतं.

वही लॅटिनमध्ये असेल तर महिन्यांपाशी जपा. ७ च्या आकड्याला 'ब्रिस' जोडलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. जुन्या रोमन पंचांगात हा सातवा महिना होता, आणि 'सेप्तेम' म्हणजे आपलं 'सप्त'च. त्याच चालीने ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. या एका चुकीने वाढदिवस दोन महिने अलीकडे सरकतो.

नावावरून, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या सणावरून, तारखेचा अंदाज बांधणाऱ्यांसाठीही एक इशारा. १९६९ मध्ये संतांच्या दिनदर्शिकेत मोठे फेरबदल झाले. संत मोनिका ४ मे वरून २७ ऑगस्टला गेली, प्रेषित थॉमस २१ डिसेंबरवरून ३ जुलैला, मरियाभेटीचा सण २ जुलैवरून ३१ मेला. मोनिका नावाच्या आजीचा नामदिन तिच्या लहानपणी मे महिन्यात होता. तेरेजा असेल तर आधी कोणती तेरेजा ते ठरवा: आविलाची १५ ऑक्टोबरला, लिझ्यूची आता १ ऑक्टोबरला, १९६९ पूर्वी ३ ऑक्टोबरला. लिझ्यूच्या तेरेजाला संतपद १९२५ मध्ये मिळालं, एवढंही लक्षात असू द्या.

प्रश्न : स्मरणिकेत 'आजी अत्यंत धार्मिक, प्रेमळ व कष्टाळू होत्या' एवढं लिहून झालं. पुढे काय लिहायचं सुचत नाही.

उत्तर : आधी ते वाक्य खोडा. ते कोणाच्याही आजीला लागू पडतं. 'धार्मिक' या शब्दाच्या जागी त्या किती वाजता, काय आणि कोणासाठी करत होत्या ते लिहा.

१९३० च्या आसपास जन्मलेल्या कॅथॉलिक बाईने एका आयुष्यात जवळजवळ दोन चर्च पाहिली. त्यांची पहिली तीन-साडेतीन दशकं लॅटिन मिस्सात गेली; धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे आणि बाया डोकं झाकून. ख्रिस्तप्रसाद (मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. संध्याकाळची मिस्सा १९५३ पूर्वी सहसा नसेच. तेव्हा 'लहानपणी आजी संध्याकाळच्या मिस्साला जायची' असं कोणी सांगितलं, तर ती मिस्सा होती की जपमाळ नि आशीर्वादविधी, हे पुन्हा विचारा. लोकभाषा वेदीवर आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांच्या १९६२–६५ च्या सभेच्या) निर्णयाने, आणि नवं मिस्सा-पुस्तक १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून) लागू झालं. आजी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यांना ते रुचलं का? लॅटिनमधलं काही त्या शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणत होत्या का? चादर डोक्यावरून कधी उतरली, की उतरलीच नाही? प्रत्येक उत्तराचा एक परिच्छेद होतो.

जपमाळेबद्दल विचारायचा सगळ्यांत चांगला प्रश्न: 'आजी गुरुवारी कोणती रहस्यं म्हणायची?' (रहस्यं म्हणजे माळ जपताना मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग.) पूर्वी गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा असे. ऑक्टोबर २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली, ती गुरुवारी आली आणि आनंदाची शनिवारवर गेली, जिथे आधी गौरवाची होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हा बदल स्वीकारला, की 'माझी पंधराच बरी' म्हणून जुनाच क्रम चालू ठेवला? या एका तपशिलातून स्वभाव दिसतो, आणि त्याला विशेषण लागत नाही.

एक मोह टाळा. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या गटांच्या) माळेत सुरुवातीचे तीन धरून ५३ 'नमो मरिया' होतात. रोज एक माळ, सत्तर वर्षं, म्हणजे साडेतेरा लाखांवर. गुणाकार बरोबर आहे, पण छापू नका. मधले ताप, बाळंतपणं, प्रवास कोणी मोजलेले नाहीत, आणि आजींनीही कधी हिशेब ठेवला नसणार. त्यापेक्षा पाचवं दशक कोणासाठी राखलेलं असे, ते विचारा.

माहिती घेताना दोन म्हाताऱ्या नातेवाइकांना एकत्र बसवू नका. मोठ्या आवाजाचा माणूस दुसऱ्याची आठवण पुसतो. एका वेळी एकजण, चाळीस-पन्नास मिनिटं, हातात जुना फोटो. 'आजी कशी होती?' असं विचारलंत तर 'चांगली होती' एवढंच मिळेल. 'या फोटोतली वाटी कोणाकडे आहे?' असं विचारलंत तर अर्धा तास मिळेल.

प्रश्न : वंशावळीत आजीला सात मुलं दाखवली आहेत. थोरली आत्या म्हणते, नऊ होती. दोघांचा उल्लेख करायचा की नाही, यावरून घरात मतभेद आहेत.

उत्तर : उल्लेख करा. ज्या आईने नऊ बाळंतपणं सोसली तिची संख्या सात छापणं हे तिच्याच स्मरणिकेत तिचंच आयुष्य छाटणं आहे. फक्त खात्री आधी करून घ्या.

बाळ बाप्तिस्म्यानंतर गेलं असेल तर बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या अशा दोन्ही नोंदवह्यांत सापडेल. जीव धोक्यात असताना घरात कोणीही, सुईणीनेसुद्धा, पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं आणि तो पूर्ण वैध असतो. अशा बाळाचीही नोंद व्हायला हवी, पण ती कधीकधी काही दिवसांनी, 'घरी दिला' अशा शेऱ्यासह होते. म्हणून जन्माच्या पुढची काही पानंही चाळायला सांगा. कित्येकदा पुढच्या बाळाला तेच नाव ठेवलेलं असतं. एकाच आईवडिलांची, एकाच नावाच्या मुलांच्या, दोन वर्षांच्या अंतराने दोन नोंदी दिसल्या तर ती लेखनिकाची चूक समजून खोडू नका.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाची नोंद मिळणार नाही, आणि घरातलं मौन बहुधा इथलंच असतं. चर्चच्या १९१७ च्या कायद्याने बाप्तिस्मा न झालेल्याला चर्चचं दफन नाकारलं होतं. अशी बाळं आशीर्वादित जमिनीबाहेर पुरली जात आणि आईला त्याबद्दल बोलायला जागा उरत नसे. १९८३ च्या कायद्यात, आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा हेतू असेल तर बिशपांच्या परवानगीने अशा बाळाचा अंत्यविधी करता येतो. २००७ मध्ये चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं म्हटलं. आजींना हे शेवटी कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. वंशावळीत 'मुलगा, जन्मतः निवर्तला' एवढी ओळ पुरते. नाव ठेवलं नव्हतं तर आता शोधून काढू नका.

प्रश्न : अंत्यविधीच्या मिस्सात आम्हा नातवंडांपैकी पाचजणांना बोलायचं होतं. धर्मगुरूंनी एकालाच, तीन मिनिटं दिली. हा नियम आहे की त्यांची मर्जी?

उत्तर : मुळात नियमच आहे. मिस्साच्या नियमावलीत अंत्यविधीला छोटं प्रवचन असावं, पण कोणत्याही प्रकारचं स्तुतिपर भाषण नसावं, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मिस्सा मृत व्यक्तीसाठी प्रार्थना करायला असते, तिचा सत्कार करायला नव्हे. ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली की अंतिम निरोपापूर्वी कुटुंबातल्या एकाला थोडं बोलू देतात, तीच तुमची तीन मिनिटं. पाचही जणांना बोलायचं असेल तर आदल्या संध्याकाळची प्रार्थनासभा ही त्याची योग्य जागा. तिथे वेळ असतो आणि अश्रूंना घाई नसते.

तीन मिनिटं म्हणजे मराठीत साधारण ३०० ते ३५० शब्द. मोठ्या टाइपात छापलेला एक-दीड कागद. मोबाइलवरून वाचू नका. नेमक्या क्षणी स्क्रीन काळी होते आणि बोटं थरथरत असताना उघडत नाही. कागदाची दुसरी प्रत पहिल्या बाकावरच्या कोणाकडे तरी द्या. तुमचा आवाज भरून आला तर तो उठून पुढचं वाचेल. एक वाक्य त्या कोण होत्या याचं, मग एक प्रसंग, फार तर दोन, आणि शेवटी सेवा करणाऱ्यांचे आभार. आभारात नावांची यादी घेतलीत तर एक नाव राहणारच आणि ते दहा वर्षं ऐकावं लागेल. 'आजी आता स्वर्गात आहे' असं ठासून म्हणणंही टाळा. त्याच घटकेला सगळं चर्च तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत असतं. आजी आधीच पोचली असेल तर ही प्रार्थना कशाला?

तारीख ठरवतानाही विचारून घ्या. पवित्र गुरुवार, पास्काचे (ईस्टरचे) तीन दिवस, बंधनकारक मोठे सण आणि आगमनकाळ, उपवासकाळ व पास्काकाळातले रविवार या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. दफन होऊ शकतं, शब्दविधीही (मिस्साविना बायबलवाचन व प्रार्थना) होतो, मिस्सा नंतर.

प्रश्न : आजीचं दहन झालं. रक्षा आम्ही भावंडांनी वाटून घ्यावी का?

उत्तर : नाही. दहनाला चर्चची १९६३ पासून हरकत नाही. पण व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायची असते. घरात ठेवणं, कुटुंबात वाटणं, पाण्यात वा हवेत सोडणं मान्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एवढी सवलत मिळाली की मृत व्यक्तीच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी अगदी थोडा अंश ठेवण्याची विनंती धर्माधिकारी विचारात घेऊ शकतात. वाटणी मात्र त्यात बसत नाही.

प्रश्न : आजीसाठी सलग तीस मिस्सा करायच्या आहेत. मध्ये एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून?

उत्तर : तुम्ही म्हणता त्या ग्रेगोरियन मिस्सा. ही प्रथा पोप थोरले ग्रेगरी (५९०–६०४) यांच्या नावाने चालते. एकाच मृत व्यक्तीसाठी, तीस दिवस, रोज एक. धर्मगुरू तोच हवा असं नाही, वेदीही बदलली तर चालते. एका मालिकेत आजी-आजोबा दोघं मावत नाहीत, आणि जिवंत माणसासाठी ती नसते. अनपेक्षित अडचणीने खंड पडला तर पहिल्यापासून नको. राहिलेल्या मिस्सा लवकरात लवकर पूर्ण करायच्या. प्रत्यक्षात अडचण वेगळीच असते: वर्दळीच्या धर्मग्रामात रोजच्या मिस्साचे हेतू महिनोन्‌महिने आधी भरलेले असतात. अशा वेळी धर्मगुरू मालिका एखाद्या मठाकडे किंवा दुसऱ्या धर्मगुरूंकडे सोपवू शकतात. तसं स्वतःहून सुचवा.

साध्या स्मरण-मिस्साबद्दलही बरेच विचारतात. एका अर्पणामागे एक स्वतंत्र मिस्सा हा मूळ नियम. अनेक हेतू एकत्र करून एकच मिस्सा अर्पण करायची तर देणाऱ्यांना ते आधी स्पष्ट सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. अशी मिस्सा एका जागी आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नसावी असं १९९१ च्या आदेशात होतं; २०२५ मध्ये नवा आदेश आला. पैसे नसतील तर मागायला संकोचू नका. गरजूंच्या हेतूसाठी काही न घेता मिस्सा अर्पण करण्याची शिफारस कायद्यातच आहे.

आणि १ ते ८ नोव्हेंबर विसरू नका. या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर मृतांना लागू होणारी पूर्ण दंडमाफी (पापांबद्दल भोगायच्या शिक्षेतून सुटका) मिळते. अटी नेहमीच्या: पापांची कबुली, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं.

प्रश्न : आजीची प्रार्थनापुस्तिका अक्षरशः सुटी झाली आहे. आत पन्नासेक चित्रं, वाळलेली पानं, चिठ्ठ्या. लॅमिनेट करून ठेवावी म्हणतो. तुटक्या जपमाळांचं काय करू?

उत्तर : लॅमिनेशन नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत जळकट होत राहतो. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग पाडतो. रबरबँड काढून टाका, गंजलेल्या टाचण्या सोडवा.

सगळ्यांत आधी, आतला एकही कागद हलवण्यापूर्वी, पुस्तक उघडत जाऊन प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोणतं चित्र कोणत्या प्रार्थनेपाशी होतं, हीच खरी माहिती आहे. मृत मुलाच्या स्मरणार्थ छापलेलं कार्ड 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना' या पानात असणं आणि शेवटच्या कव्हरात असणं यांत फरक आहे. घाईने सगळी चित्रं काढून एका पाकिटात भरली की ही माहिती कायमची गेली. खिडकीपाशी, उन्हात नव्हे, फ्लॅश न लावता, कॅमेरा पानाला समांतर धरून फोटो काढा. मग चिठ्ठ्या ३०० डीपीआयने आणि छोटे फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा.

स्मरणकार्डांच्या मागे बहुधा मृत्यूची तारीख असते. ती तुमच्या वंशावळीशी ताडून पाहा. वहीत न मिळालेले दोन-चार नातेवाईक इथे सापडतील. पानावर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला, हलक्या हाताने. बॉलपेन दुसऱ्या बाजूने उमटतं. ठेवायला आम्लविरहित कागदाचं पाकीट आणि पुठ्ठ्याची पेटी. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आणि पीव्हीसीच्या अल्बममध्येही नको. पानं दमट असतील तर मधे साधे पांढरे कागद घालून सावलीत वाळवा. वाळवलेली पवित्र झावळी असेल तर ती चर्चमध्ये परत देता येते. राखेच्या बुधवारची राख अशाच झावळ्यांची करतात.

आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकायच्या नसतात. दुरुस्त होत नाही ते जाळून राख पुरायची, किंवा सरळ जमिनीत पुरायचं. एखाद्या लॉकेटच्या मागे लाखेची सील आणि आत कापडाचा किंवा हाडाचा बारीक कण दिसला तर तो संताचा अवशेष असू शकतो. उघडू नका, विकू नका (अवशेष विकण्याला पूर्ण मनाई आहे), धर्मगुरूंना दाखवा.

जपमाळा मात्र बहुतेक दुरुस्त होतात. तुटते ती साखळीची कडी, मणी नव्हे. जुळवताना मोजा: क्रूसाजवळच्या दोरीत एक, मग तीन, मग एक, वर्तुळात दहा-दहाचे पाच गट आणि मध्ये चार सुटे. बाजारातून आणलेला नवा मणी घालून संच पुरा करायची गरज नाही. मणी हरवला असेल तर तिथे गाठ मारा, प्रार्थना करणाऱ्याला अंगठ्याने कळतं. चांदीची साखळी पॉलिश करू नका आणि लाकडी मण्यांना तेल लावू नका. काही मणी इतरांपेक्षा जास्त गुळगुळीत झालेले दिसतील. कोणत्या दशकातले ते एका चिठ्ठीवर लिहून माळेबरोबर ठेवा.